झाकपट्टीचे पंधरा दिवस

बाणगंगेच्या काठच्या त्या शाळेत सातवीची मुलं रोज सकाळी प्रयोगशाळेबाहेर रांग लावत. प्रत्येकाला काहीतरी विसरायचं असे. कुणाला, कोणत्या कुंडीत शेणखत घातलं ते. कुणाला, कोणत्या वाटीतली मटकी अंधारात ठेवली ते. विज्ञानाचे बागवान सर एकेकाच्या कपाळाला मऊ निळी पट्टी बांधत. मूल डोळे मिटून तेवढी एकच गोष्ट मनात घोळवी, आणि पट्टी सुटली की तेवढीच गोष्ट मनातून गेलेली असे. बाकी सगळं जागच्या जागी. नाव, पाढे, कालचं भांडणसुद्धा.

तिला झाकपट्टी म्हणत. माणसाची आठवण पेटीत ठेवलेल्या वस्तूसारखी नसते, ती मळलेल्या पाऊलवाटेसारखी असते; झाकपट्टी त्यातली एक वाट पंधरा दिवस झाकून ठेवी. सोळाव्या दिवशी वाट आपोआप मोकळी होई. आधी ती औषधांच्या चाचण्यांसाठी निघाली, मग शाळांत आली.

"खत कुठे घातलंय हे माहीत असलं की मोजपट्टी जरा तिरकी धरली जाते," सर दरवर्षी सांगत. "लबाडीनं नाही. हात आपल्या मनाकडे झुकतो. म्हणून ज्याला खरं बघायचंय, त्यानं आधी अजाण व्हायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशानं काय झालं, देवालाही सांगता येणार नाही."

हे मैना भोईटेनं नको इतकं मनावर घेतलं.

मैना आणि जाई, दोघी एकाच वर्गात. त्यांची आई राही पिठाची गिरणी चालवी. तेरा वर्षांपूर्वी ती बाळंतपणाला गेली तेव्हा शेजारच्या खाटेवर एक एकटी बाई होती. त्या बाईचंही बाळ आलं, बाई वाचली नाही. राहीनं दोन्ही बाळं एका शालीत गुंडाळून घरी आणली. नवरा आधीच वेगळा झालेला. विचारणारं कुणी नव्हतं. मुलींना समज आली तेव्हा तिनं दळता दळताच सांगून टाकलं होतं, गाण्यात:

*एक गं पोटातून, एक आली ओटीतून*
*दोघींना भरवते मी एका दुधाच्या वाटीतून*

"पोटातली कोण आणि ओटीतली कोण, ते विचारायचं नाही," एवढंच वर म्हणाली.

त्या कधी विचारत नसत. पण सातवीच्या प्रदर्शनासाठी प्रयोग आखायची वेळ आली, तेव्हा मैनेनं वहीत गृहीतक लिहिलं: 'कोण कुठली हे माहीत असो वा नसो, आईच्या मायेत फरक पडत नाही.'

जाईनं खांद्यावरून वाचलं. "आणि पडला तर?"

"तर गृहीतक चुकलं. चुकलेलं उत्तरसुद्धा उत्तरच असतं, सर म्हणतात."

"सरांचं काय जातंय म्हणायला! त्यांना कुठं रात्री आपल्यात झोपायचंय."

आराखडा बघून बागवान सर खुर्चीतून उठलेच. बदल एकच: पोटची कोण, ही आईला असलेली माहिती. आधी पंधरा दिवस माहितीसह, मग पंधरा दिवस झाकपट्टीखाली, मग पुन्हा पंधरा माहितीसह. मोजणी हातानं नाही, कारण मोजणारी मैना स्वतःच प्रयोगात. त्यासाठी दोघींच्या मनगटावर स्पर्शमणी. आईचा हात लागला की मणी एक आकडा पुढे सरके. त्यात तिच्या हाताची ओळख भरलेली होती. आईला मात्र सांगायचं की मणी नाडी मोजतात. बावीस वर्षांत असा बिनचूक आराखडा सरांनी पाहिला नव्हता. आनंदाच्या भरात त्यांनी सही केली. प्रयोग बिनचूक आहे की नाही, एवढंच त्यांनी पाहिलं. करावा की नाही, हे पाहायचं राहून गेलं.

राही हसली. "घाला पट्टी. मला काय भीती? दोघी माझ्याच आहेत." आणि पीठ लागलेलं कपाळ पदरानं पुसून तिनं पुढे केलं.

पट्टीआधीच्या पहिल्या पंधरा दिवसांचे आकडे होते: मैना चारशे बारा, जाई चारशे नऊ. मैनेनं ते दाखवले तेव्हा जाई म्हणाली, "तीन तू चोरलेस." दोघी खूप हसल्या.

पट्टीनंतरचे तीन दिवसही तसेच गेले. चौथ्या दिवशी जेवताना राहीचा घास हातातच राहिला. ती आळीपाळीनं दोघींकडे बघत होती, बाजारात ओळखीचं कुणी दिसल्यासारखं वाटून माणूस बघतं तशी.

"जाई, तुझे कान कुणावर गेलेत गं?"

"तुझ्यावर नाहीत, बरंय. तुझे सुपाएवढे आहेत," जाई म्हणाली.

एरवी राही खळखळून हसली असती. ती "हं" म्हणाली, आणि मैनेच्या ताटात भाकरी वाढली.

मग ते थांबेना. मैना हसली की राही काम सोडून ऐके. तिच्या केसांतून हात फिरवी, हनुवटी वर करून बघे. जाई जवळ बसायला आली तर वाईट काहीच बोलत नसे. "जरा सरक गं, पीठ सांडेल," एवढंच म्हणे. जाई सरकत गेली. दहाव्या दिवशी ती गिरणीच्या दाराशी बसून अभ्यास करत होती.

"थांबवू का?" मैनेनं विचारलं. "सरांना सांगून झाकलेली वाट आधीच मोकळी करता येते."

"मधेच थांबवला तर आकडे वाया जातील ना," जाई वहीतून मान वर न करता म्हणाली.

मैनेनं थांबवला नाही. प्रयोगासाठी, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण आईचा हात असा भरभरून तिच्या वाट्याला आधी कधी आला नव्हता.

मैना सहाशे तीस, जाई दोनशे चौदा.

सोळाव्या सकाळी वाट मोकळी झाली. राही अंथरुणात उठून बसली आणि कितीतरी वेळ दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या हातांकडेच बघत राहिली. पुढच्या पंधरा दिवसांचे आकडे आले: मैना चारशे दहा, जाई चारशे दहा. एकाचाही फरक नाही.

बागवान सरांनी राहीला शाळेत बोलावून मण्यांचं खरं सांगितलं, माफीही मागितली. मग त्यांना राहवेना. "ताई, माहीत असताना सारखं, आणि माहीत नसताना फरक. व्हायला उलटं हवं होतं."

"उलटं कसं होईल, सर?" राही सावकाश बोलली. "माहीत होतं, म्हणून तर सांभाळत होते. एकीला जवळ घेतलं की मनात यायचं, आता दुसरीला. सवयच पडली होती, जात्यात मूठ मूठ घालतात तशी. तुम्ही ते झाकलंत. मग एवढंच उरलं, की यांतली एक माझ्या पोटची. आणि मी शोधायला लागले. मैनेच्या हसण्यात मला माझी आई ऐकू आली. एकदा ऐकू आली, की रोजच येते."

"मग तुम्ही बरोबर ओळखलं..." सर बोलता बोलता थांबले.

"ते विचारू नका."

"पण आता तर सगळं पहिल्यासारखं झालंय."

"आकडे झालेत," राही म्हणाली, आणि गिरणी उघडायला निघून गेली.

प्रदर्शनात मैनेच्या प्रयोगाला पहिलं बक्षीस मिळालं. निष्कर्षात तिनं लिहिलं होतं, गृहीतक चुकलं. परीक्षकांनी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेबाहेरच्या रांगेत जाई उभी होती. हातात कुंडी नाही, वाटी नाही, वहीसुद्धा नाही. तिची पाळी आली.

"तुझा कोणता प्रयोग?" सरांनी विचारलं.

"प्रयोग नाही. ते मधले पंधरा दिवस झाका."

रांगेतली मुलं पुढे ढकलत होती. सरांनी तिला बाजूला घेतलं. "जाई, बाळा, ही पट्टी पंधरा दिवसच झाकते. पुढे सगळं परत आठवतं."

"ठाऊक आहे," जाई म्हणाली, आणि बाकावर बसून तिनं कपाळावरचे केस मागे घेतले. "मी दर पंधरा दिवसांनी येत जाईन, सर."