फाटक्या भाकरीचा समुद्र

अठ्ठ्याहत्तर साली सोलापुरात आमची खानावळ होती. मी ज्वारीच्या भाकरी थापायची, आई – आमची अव्वा – वाढायची. थापताना भाकरी फाटली, की ती बाजूला ठेवायची. फाटकी भाकरी घरच्यांनीच खायची. गिऱ्हाइकाच्या ताटात ती जात नसे.

कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे सिद्धप्पा मास्तर पहिल्यांदा जेवायला आले, ते थेट त्या बाजूच्या भाकरीवरच वाकले.

"ही वाढा की."

"ती घरच्यांची हाय."

"मग घरचे जेवल्यावर उरली तर?"

अव्वा हसली. मी नाही हसले… पण पुढच्या दोन भाकरी फाटल्या.

मास्तर रोज मागायचे, मी रोज नाही म्हणायची. एकदा विचारलं, "फाटकीत एवढं काय दिसतं?"

"समुद्र."

"भाकरीत?"

त्यांनी परातीतली थापलेली भाकरी दोन्ही हातांनी हळूच ताणली. "ज्वालामुखी बेटांच्या रांगेपुढं समुद्राचा जुना, जड तळ खाली बुडतो. बुडायची जागा दूर सरकत जाते, बेटं तिकडं ओढली जातात. पाठीमागची जमीन ताणते, पातळ होते…" भाकरी मधोमध फाटली. "फटीतून खालचा तापलेला दगड वर येतो, थिजून नवा तळ होतो. वर पाणी भरतं."

"लई दिवस लागत असतील."

"लाखो वर्षं." त्यांची नजर माझ्या पिठाच्या हातांवर थांबली.

"माझी भाकरी घालवली की, मास्तर," मी म्हटलं आणि चुलीकडं तोंड वळवलं.

एका संध्याकाळी ते नेहमीपेक्षा हळू जेवत होते. अंदमानच्या समुद्राचा तळ तपासणाऱ्या जहाजावर त्यांची नेमणूक झाली होती. तिथं असाच समुद्र अजून उघडत होता. मुक्काम पोर्ट ब्लेअरला. पुढच्या आठवड्यात निघायचं.

"परत कधी?"

"वर्षं जातील…"

मीच विचारलं, "ती बेटांची रांग – सगळीच पुढं जाते?"

"कधी कधी दुभंगते. अर्धी पुढं जाते, अर्धी मागंच राहते."

"मागच्या अर्ध्या रांगेतला जाळ?"

मास्तर ताटाकडं बघत राहिले. "विझतो."

मी बाजूची फाटकी भाकरी उचलली आणि त्यांच्या ताटात वाढली.

"जगदेवी… ही तर घरच्यांची."

"व्हय. मला मागं ऱ्हायचं न्हाय."

त्यांनी भाकरी फटीपाशीच मोडली. अर्धी माझ्यापुढं धरली.

अव्वानं दोन्ही तुकड्यांवर लोणी ठेवलं. "मास्तर, लगीन होईस्तवर तुमचं जहाज थांबंल की न्हाय?"