शांत खोलीतली घरघर

सायकल लावताना एस्बेनचा तोल गेला आणि त्याच्या हातातला केकचा डबा थेट त्याची सहकारी मारेन हिच्या ओंजळीत आला. कोपनहेगनचा पाऊस आडवातिडवा झोडपत होता. दोघंही चिंब, डबा तेवढा कोरडा.

"वाचवलास! पहिला तुकडा तुझा."

"शिक्षाही मीच दिली, आणि तुकडाही मलाच?"

"मग काय... न्यायाधीशाला उपाशी ठेवायचं?"

विद्यापीठातल्या त्यांच्या विभागात रीतच होती. प्राध्यापक असो की विद्यार्थी, जो चुकेल त्याने शुक्रवारी घरून केक करून आणायचा आणि सगळ्यांसमोर चूक सांगायची. एस्बेन तळघरातल्या शांत खोलीत आवाज मोजायचा. त्या खोलीच्या भिंती आवाज गिळून टाकायच्या, प्रतिध्वनी म्हणून नाही. तरी त्याच्या मोजणीत बारीक घरघर निघाली, आणि भर बैठकीत मारेनने त्याला निष्काळजी ठरवलं. तिने स्वतः आजवर एकदाही केक आणला नव्हता. तोरा काय विचारता बाईचा!

खोबऱ्याचा तो केक मात्र फर्मास होता. मग तिला तळघरात जायला रोज काही ना काही निमित्त सापडू लागलं. कधी पाना हवा, कधी वायर. एस्बेन मुकाट्याने द्यायचा आणि गालात हसायचा.

अशीच ती एकदा खाली गेली. वर तिच्या प्रयोगशाळेतला पंप दुरुस्तीसाठी पहिल्यांदाच बंद होता. एस्बेनच्या पडद्यावरची रेघ सपाट... घरघर गायब!

मारेनने पडद्याजवळ वाकून पाहिलं. "म्हणजे... माझा पंप? तुला माहीत होतं?"

"केक करायच्या आधीपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"विभागाने तुला पंप बंद ठेवायला लावला असता. तुझा वर्षाचा प्रयोग गेला असता." तो पडद्याकडे वळला. "आणि मान खाली घातलेली तू... मला बघवली नसती."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच घरघरीपायी शांत खोली एस्बेनकडून काढून घ्यायचं चाललं होतं, आणि याने तोंडातून ब्र काढला नव्हता! उपकार कुणी मागितले होते, असं काहीतरी पुटपुटत ती निघाली. घरी आरशात बघायचीही तिला लाज वाटली.

शुक्रवारी मारेनचा केक आला. खालून करपलेला, मध्ये बसलेला. घरघर आपल्या पंपाची होती, निष्काळजी आपण होतो, खोली एस्बेनकडेच राहायला हवी, असं तिने मान खाली घालून सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. विभागप्रमुखांनी खोली काढून घ्यायच्या हुकमाचा कागद फाडला आणि केकचा तुकडा उचलला. चावताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

सगळे पांगल्यावर ती एस्बेनजवळ आली. "अजून एक सांगायचंय. इथे नाही."

शांत खोलीचं जाड दार लागलं. आता तिला स्वतःचा श्वासही मोठा वाटू लागला.

"तू मला आवडतोस," ती म्हणाली. "आणि तुझ्याकडे बघायचीही मला लाज वाटते."

शब्द भिंतींनी गिळले.

"काहीतरी बोल ना..."

"इथे बोललेलं परत येत नाही, मारेन," तो हळूच म्हणाला. "म्हणून मीच परत म्हणतो. तू मला आवडतेस. बघ आता माझ्याकडे."

तिने मान वर केली.