नकाराची मान

चष्म्याच्या दुकानात चाळीस वर्षं काढलेला माणूस कुणाच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, स्वतःच्या तर नाहीच. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना 'म्हाताऱ्याला नीट दिसत नसेल' असं कुणी म्हणायला नको. सदुसष्टाव्या वर्षीही माझी नजर ठणठणीत आहे. दर सहा महिन्यांनी मी ती तपासून घेतो.

आम्ही रुसे शहरात राहतो, डॅन्यूबच्या काठी, चौथ्या मजल्यावर. मी लोझान आणि माझी बायको नेवेना. इमारतीचं खालचं दार काचेचं आहे, पण काच काही दिसत नाही. तिच्यावर कागद असतात. घरातलं कुणी गेलं की फोटो, नाव, तारीख आणि खाली चार ओळी असा कागद छापून दारावर चिकटवायचा. चाळीस दिवसांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, वर्षानं चौथा. आमच्याकडे 'अमका वारला' असं कुणी म्हणत नाही. 'अमका दारावर गेला' म्हणतात.

कागदाला फोटो लागतो आणि इमारतीत कॅमेरा माझ्याकडे. "लोझान, बाबांचा एखादा बरा फोटो असेल ना रे? त्या अंगणातल्या जेवणाच्या दिवशीचा?" असायचाच. मी काढलेली हसरी माणसं अशी एकेक करून दारावर जायला लागली. पहिल्या मजल्यावरच्या पेनामावशी दाराची व्यवस्था बघतात, जुने कागद खरवडून काढतात. मी जिन्यात दिसलो की त्या तोंडापुढे हात धरायच्या. "लांब हो मेल्या! मला अजून नातीचं लग्न बघायचंय."

नेवेनाचा तर एकतीस वर्षांत मी एकही फोटो काढलेला नव्हता. काढू दिलाच नव्हता तिनं. कॅमेरा उचलला की ती मान वर उडवायची, जिभेनं 'च्' करायची, की विषय संपला. "तू काढलास की मी दारावर," म्हणायची. रोज सकाळी दुसरा कप कॉफी हवी का विचारलं तरी तीच मान, तेच 'च्'. मग मी भांडं परत शेगडीवर ठेवायचो.

म्हणून मी बाहेर फिरायला लागलो. ज्यांना कधी दारावर बघावं लागणार नाही अशी माणसं मला हवी होती. दर सप्टेंबरात तीन आठवडे, आगगाडीनं, एकटा. क्राकाव, बर्गन, पालेर्मो, कुठंही. एका गावात दोन दिवस झाले की माझा जीव घुसमटायला लागतो. पुढच्या गावात कुणीतरी उन्हात बसलेलं असेल आणि आपण इथं काय करतोय, असं वाटत राहतं. नेवेना म्हणायची पायाला भिंगरी लागलीय. लागली होती.

माझा नियम एकच, विचारल्याशिवाय काढायचा नाही. भाषा येत नाही, म्हणून कॅमेरा थोडा उचलायचा आणि भुवया वर करायच्या. पहिल्याच वर्षी व्हिएन्नात एका सॉसेजवाल्याला असं विचारलं. त्यानं मान दोन्ही बाजूंना हलवली. आमच्याकडे त्याचा अर्थ 'हो'. मी खुशाल बटण दाबलं आणि तो चिमटा घेऊन अंगावर आला. आमची मान उलटी चालते, त्याला मी काय करू? दोन्ही बाजूंना म्हणजे हो, वर-खाली म्हणजे नाही. बाकीच्या युरोपात बरोबर याच्या विरुद्ध. तेव्हापासून गाडीनं सीमा ओलांडली की, लोक घड्याळ फिरवून घेतात तशी मी डोक्यातली मान फिरवून घ्यायचो. अकरा वर्षांत ती सवय इतकी अंगात मुरली की विचारसुद्धा करावा लागेना.

गेंटमध्ये कालव्याच्या काठी एक बाई बाकावर बसून पेअर सोलत होती. पन्नाशीची असेल, राखाडी झगा, पायात जाड मोजे. मी भुवया उंचावल्या. तिनं मान वर-खाली केली. मी फोटो काढला आणि कॅमेरा खाली घेताना मला जाणवलं की तिनं 'च्' केलं होतं. बारीकसं, जिभेच्या टोकानं.

असं 'च्' आमच्याकडेच करतात.

मी आमच्या भाषेत म्हटलं, "बाई, तुम्ही आमच्याकडच्या का?" तिनं माझ्याकडे बघितलं, पेअरची साल चाकूसकट रुमालात गुंडाळली आणि पुलाच्या बाजूला निघून गेली. मी हॉटेलवर आलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण एका फोटोचं ते काय, असंही वाटलं. तारीख वहीत लिहिली.

घरी आल्यावर न्हाणीघरात रोल धुतला, तिचा एक फोटो छापला, टेबलाच्या खणात टाकला. कुणाला दाखवला नाही.

ऑक्टोबरअखेरीस पाव आणायला खाली उतरलो, तर पेनामावशी खरवडणी हातात घेऊन दारापाशी उभ्या. "ये, ये," त्या म्हणाल्या. "हे तुझंच काम दिसतंय. डावीकडे नेहमीसारखी रिकामी जागा सोडलीयस. पण नाव कुठंय हिचं? विसरलास?"

कागद चाळीसाव्या दिवसाचा होता. नाव नव्हतं. पेअर सोलणारी बाई होती. तारीख होती, मी वहीत लिहिलेली.

मी वर जाऊन खण उघडला. फोटो जागेवर होता.

नेवेनाला सगळं सांगितलं. ती व्यवहारी बाई, तीस वर्षं धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर काम केलेली. "कुणीतरी घरात येऊन खण उघडला असेल," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं. छापखान्यात जाऊन आली. तिथं कुणी तो कागद छापलेला नव्हता.

पुढच्या वर्षी पोर्तो. जाळं दुरुस्त करणारा म्हातारा, एका कानात कापसाचा बोळा. मी नीट बघत होतो, देवाशपथ. त्यानं मान वर-खाली केली, हसला, मी बटण दाबलं. मग त्यानं कानातला बोळा काढला आणि आमच्या भाषेत, अगदी आमच्या बाजूच्या खेड्यातल्या हेलात म्हणाला, "नाही म्हटलं होतं ना, बाबा." चिडला नव्हता. लहान पोराला सांगावं तसं सांगितलं आणि परत बोळा घातला.

तो रोल मी धुतला, पण छापलं काहीच नाही. निगेटिव्ह डब्यात, डबा कपाटात, कपाटाची किल्ली नेवेनाच्या गळ्यात. चाळीसाव्या दिवशी म्हातारा दारावर होता. कानात बोळा, डावीकडे रिकामी जागा, नाव नाही.

"हा पण आपला नाही," पेनामावशी म्हणाल्या. या वेळी त्यांनी चेष्टा केली नाही. खरवडणी माझ्या हातात दिली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर मी कॅमेरा माळ्यावर टाकला. पण मला घरात बसवेना. दिवसातून चार वेळा नदीवर जाऊन रुमानियाचा काठ बघून यायचो. स्टेशनावर जाऊन गाड्यांचा फलक वाचायचो. जेवताना पाय हलत असायचे, टेबल हलायचं, सूप सांडायचं. पुढचा सप्टेंबर आला तेव्हा नेवेनानं चमचा खाली ठेवला.

"चल," ती म्हणाली. "कुठं जायचंय ते सांग. मी येते."

"तू?"

"मी. तू फोटो काढ, माना मी ओळखते. आपलं माणूस मला पाठीवरनं कळतं. मी नाही म्हटलं की कॅमेरा खाली, कबूल?"

तिचे गुडघे दुखायचे, बाहेरचं जेवण सोसायचं नाही, आणि तरी ती माझ्यासाठी निघाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवलं नाही. आम्ही ट्रिएस्ट ठरवलं, कारण तिला समुद्रात आत गेलेल्या दगडी धक्क्यावर चालायचं होतं. तिनं कुठंतरी चित्र बघितलं होतं.

आठ दिवस राहिलो. सात दिवस मी खिडक्या काढल्या, होड्या काढल्या, एक मांजर काढलं. माणूस एकही नाही. नेवेना दंडाला धरून चालायची आणि समोरून कुणी आलं की कानात सांगायची, "हा इथला. ही इथली. याला तर आई पण इथलीच." आम्ही दोघं हसून बेजार व्हायचो. इतक्या वर्षांत आम्ही असे कधी फिरलोच नव्हतो.

शेवटच्या दुपारी, बारा सप्टेंबरला, धक्क्यावर गेलो. वारा सुटला होता, तिथला तो डोंगरावरून उतरणारा. लोक टोप्या धरून वाकून चालत होते. नेवेना धक्क्याच्या टोकाशी पोचली आणि वळली. तिचा रुमाल डोक्यावरून सुटला, केस तोंडावर आले, आणि ती हसली.

मी कॅमेरा उचलला. भुवया वर केल्या.

तिनं मान वर-खाली केली.

मी बटण दाबलं.

वाऱ्यात 'च्' ऐकू आलं नाही. ऐकू यायची गरजही नव्हती, ती माझी बायको होती. पण सीमेपलीकडे मी डोक्यातली मान फिरवून घेतलेली होती, आणि अकरा वर्षांची सवय.

नेवेना हसायची थांबली. हळूच म्हणाली, "लोझान, मी नाही म्हटलं होतं."

मग तिनं रुमाल बांधला आणि परतताना माझा दंड धरला.

मी रोल धुतला नाही. कॅमेऱ्यातून काढलासुद्धा नाही. तेविसाव्या आकड्यावर तो तसाच माळ्यावर ठेवला आणि दिवस मोजायला लागलो. नेवेनाला डॉक्टरकडे नेलं. रक्त, छाती, सगळं बघून झाल्यावर डॉक्टर म्हणाला, "बायको घोड्यासारखी आहे. तुमचाच रक्तदाब चढलाय, या इकडे." खरंच होतं. तिचे गुडघेही दुखायचे थांबले होते. जिना चढताना ती माझ्यापुढे असायची.

मी तिला डोळ्यांआड होऊ देत नव्हतो. बाजारात मागे, गच्चीवर मागे. एकदा जिन्यात पेनामावशींनी विचारलं, "काय गं, आवडला का समुद्र?" नेवेनानं मान वर-खाली केली. "अगंबाई! एवढ्या लांब जाऊन आवडला नाही?" मला हसू आलं. आठ दिवसांत बाहेरची मान उचलून आली, म्हटलं. मला शिकायला एक मार खावा लागला होता.

सकाळी दुसऱ्या कपाला विचारलं की ती तशीच मान हलवायची, आणि मी नेहमीसारखं भांडं शेगडीवर ठेवायचो. ती कप पुढे धरून बसलेली असायची. माझं लक्ष त्या दिवसांत कपाकडे नव्हतं.

एकवीस ऑक्टोबर उजाडला. नेवेना गॅलरीत पत्र्यावर मिरच्या भाजत होती, सगळीकडे तो वास. ती खोकली, पाण्याचा पेला मागितला, प्याली. जिवंत, धडधाकट. सातला मी खाली गेलो.

कागद होता.

दगडी धक्का. सुटलेला रुमाल. तोंडावर केस, हसू. डावीकडे रिकामी जागा, तिच्यात समुद्र. बारा सप्टेंबर.

नाव नव्हतं.

मी तो नखांनी सोडवला, फाटू न देता. वर आलो. माळ्यावरून कॅमेरा काढून बघितला. आकडा तेवीस.

मग स्वयंपाकघरात जाऊन मी कागद नेवेनासमोर टेबलावर ठेवला. मला ती रागवायला हवी होती. 'नाही म्हटलं होतं ना, मेल्या' म्हणून तिनं चमचा फेकून मारावा, रडावं, काहीही करावं.

"ओळखतेस?" मी विचारलं.

तिनं हात पुसले. चष्मा लावला, मीच केलेला. वाकून बराच वेळ बघितलं.

आणि मान दोन्ही बाजूंना हलवली.

माझा जीव भांड्यात पडला. ओळखते, म्हणजे ओळखते, ती स्वतःला ओळखते. मी खुर्चीत बसलो, हसायलाच लागलो.

"नाही रे," ती म्हणाली. "कोण ही? छान आहे. आपल्याच इमारतीतली होती का?"

आणि कागदाला तेल लागू नये म्हणून तिनं मिरच्यांचं ताट बाजूला सरकवलं.