अर्ध्या तासाचा कापूस

ट्रॉनहाइमच्या इस्पितळात तळघरातल्या प्रयोगशाळेत योरुनचं रोजचं पहिलं काम म्हणजे स्वतःचं रक्त काढणं. निरोगी नमुना म्हणून तपासणाऱ्यानं आपलंच वापरायचं, अशी तिथली रीत होती. तांबडा भाग खाली बसला की वरचं पिवळसर पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, नळी कोमट पाण्यात धरायची, औषध घालून घड्याळ दाबायचं आणि नळी सावकाश कलती करत राहायचं. गोठलं की घड्याळ बंद. योरुनचं पंधरा सेकंदांत गोठायचं.

हालवारचं ऐंशी सेकंदांत. त्याच्या रक्तात गोठवणारा एक घटक जन्मापासूनच नव्हता, म्हणून तर ते प्रयोगशाळेला हवंहवंसं होतं. नव्या रोग्याचं रक्त त्यात मिसळायचं. वेळ घटला तर रोग्याकडे तो घटक आहे, नाही घटला तर नाही. दर तीन महिन्यांनी हालवार बंदरावरून येऊन रक्त देऊन जायचा. सुईची जागा मिटायला अर्धा तास लागे. तेवढा वेळ खिडकीखालच्या बाकावर योरुन त्याच्या शेजारी बसून अंगठ्यानं कापूस दाबून धरी.

"माझं रक्त म्हणजे आमच्या बेटावरचा टपालवाला," तो म्हणायचा. "येतो, पण त्याच्या सवडीनं."

"गप्प बस. हात हलतोय."

"रविवारी स्कीवर येतेस?"

"आणि पडलास म्हणजे?"

"तू असशीलच की दाबायला."

तिनं ते हसण्यावारी नेलं. नोव्हेंबरात तो धक्क्यावरच्या बर्फावर घसरला, आणि दाबायला तिथं कुणी नव्हतं.

फेब्रुवारी उजाडला तेव्हा गोठवणपेटीत त्याच्या पाच नळ्या उरल्या होत्या. त्या संपल्या की हालवार संपला, हे योरुनला रोज पेटी उघडताना कळायचं आणि रोज तितकंच लागायचं.

सोमवारी त्याची नळी एकाहत्तर सेकंदांत गोठली. तिनं सगळी काच पुन्हा धुतली. मंगळवारी छप्पन्न. तिची स्वतःची मात्र पंधरावरून बावीसवर गेली होती.

"नळ्या काय मत्स्यसूपात धुतेस?" वरिष्ठ मागनहिलबाईंनी विचारलं. त्यांनी स्वतःचं रक्त शेजारी ठेवून हालवारची तिसरी नळी तपासली. चोख ऐंशी. त्यांचं पंधरा. "बघ. दोष तुझ्या हातात आहे."

गुरुवारी योरुननं पुन्हा आपली नळी त्याच्या नळीशेजारी उभी केली. त्याचे चौतीस, तिचे एक्केचाळीस.

मागनहिलबाई वहीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी योरुनचा दंड धरला. सकाळची सुईची जागा अजून ओली होती.

"पोरी, सोमवारपासून माझं रक्त वापरायचं. आणि ती शेवटची नळी टाकून दे. ऐकतेस ना?"

"हो बाई."

तिला भीती वाटायला हवी होती. तिला आनंद झाला होता, इतका की तिची तिलाच लाज वाटली. त्याला जन्मभर जे कमी पडलं ते तिच्याकडे होतं, आणि तो ते घेत होता.

शनिवारी अर्धा दिवस. दुपारी बारा वाजता मागनहिलबाई टोपी घालून बाहेर पडल्या. योरुननं दुसऱ्या दंडातून रक्त काढलं, जागेवर कापूस ठेवला, कोपर दुमडून घेतलं आणि रक्तावरचं पाणी वेगळं होईपर्यंत वाट पाहिली. मग दोन्ही नळ्या पाण्यात उभ्या केल्या.

घड्याळ दाबलं.

पंधरा सेकंदांनी हालवारची नळी गोठली. तिनं ती उलटी धरली. थेंबही खाली आला नाही.

तिची नळी ऐंशी सेकंदांनीही वाहत होती.

दोनशेलाही.

तिनं दोन्ही आकडे वहीत नीट लिहिले. बाहीतून रक्त मनगटावर आलं होतं. ती खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसली, डाव्या बाजूला, तो बसायचा तिथं. उजवीकडे एकाची जागा ठेवली. हात सरळ केला.

"येतेस का म्हणालास, तेव्हा यायला हवं होतं मी," ती मोठ्यानं म्हणाली.

बाहेर बर्फावर ऊन पडलं होतं. अर्ध्या तासानं तिनं खाली पाहिलं. रक्त थांबलं होतं. तिचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते, आणि दंडावरचा कापूस मधोमध, अंगठ्याएवढा, खोल दबलेला होता.