दुधाच्या जरा आधी

डब्याचं झाकण टक् करून बसलं आणि तेवढ्या आवाजानं सगळं बिघडलं.

धाकटी रोज सकाळी चोरासारखी घराबाहेर पडायची. चपला हातात, किल्ल्या मुठीत आवळलेल्या, नळाची धार बोटाएवढी बारीक. चार वर्षांची लेक जागी व्हायच्या आत उंबरा ओलांडला की रडारड टळायची. पण त्या दिवशी झाकण वाजलं, आतल्या खोलीत पांघरूण सरकलं, आणि झोपेनं जड झालेली हाक आली, "माऊ?"

माऊ म्हणजे मावशी, धाकटीची थोरली बहीण.

"झोप ग राणी, आलेच," म्हणत ताई धाकटीच्या अंगावरून आत गेली. हाकेला ओ कुणी द्यायची याची त्या घरात कुणाला शंकाच नव्हती. धाकटी डबा हातात धरून जरा वेळ उभी राहिली. पोरगी रडून "आई" म्हणाली असती तर धाकटीनं बस सोडली असती, सुट्टी टाकली असती. पण लेक रडली नाही. आतून दोघींची कुजबुज आली, मग हसणं. धाकटीनं दार ओढून घेतलं, आणि या वेळी ते वाजलं तरी तिला त्याचं काही वाटलं नाही.

ताई वाईट असती तर सोपं गेलं असतं. धाकटीचा नवरा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने घरी नसायचा. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा ताई चार दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिलीच. तिनं लग्न केलं नव्हतं आणि त्याची चुटपुटही लावून घेतली नव्हती. पोरीचं 'खारू' हे नाव तिनंच ठेवलेलं, कारण पोरगी खारीसारखी घास गालात धरून बसायची. ताई न ओरडता, न कंटाळता तो घास गिळवायची. धाकटी ऑफिसातून येईपर्यंत पोरगी जेवून-खाऊन, न्हाऊन-माखून तयार, जणू दुसऱ्याच्या घरची. आभार मानावेत अशी प्रत्येक गोष्ट धाकटीला बोचायची.

ऑफिसात तिला 'घंटाबाई' म्हणत. पाणी प्या, गोळी घ्या, पाठ ताठ करा अशी आठवण करून देणारं ॲप तिथं तयार व्हायचं, आणि सूचना वेळेवर वाजवणं हे धाकटीचं काम होतं. शेजारच्या टेबलावर 'चष्मा' या नावानं ओळखला जाणारा, ॲप तपासून पाहणारा टेस्टर बसे. त्याच्यासमोर जुने-नवे फोन पत्त्यांसारखे मांडलेले असत.

"घंटाबाई, तुमची घंटा वाजली नाही की मी पाणीच पीत नाही," तो म्हणायचा. "किडनी गेली तर बिल तुम्हाला."

"तहान लागली की प्यावं माणसानं."

"मग आपल्या दोघांच्या नोकरीचं काय?"

त्याला हसून उत्तर देता देता धाकटीला कल्पना सुचली. सूचनेचा आवाज घंटेचाच असावा असं थोडंच आहे? माणसाचा आवाजही लावता येतो. एकदा वेळ नेमून दिली की ॲप बंद असलं तरी फोन ती वेळ लक्षात ठेवतो आणि वाजवतो. आपण कुठं आहोत याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

रविवारी तिनं कपाटात डोकं घातलं, कोटांच्या आणि स्वेटरांच्या मधोमध, म्हणजे आवाज घुमत नाही, आणि फोन तोंडाशी धरून अगदी मऊ आवाजात बोलली.

"कपाटाशी काय गुलुगुलु चाललंय?" ताईनं मागून विचारलं.

"ऑफिसचं काम."

"कपाट बोललं काही तर मलाही सांग."

तिनं तीनच वाक्यं भरली. *खारू, माझं पाखरू, दूध प्यायचं हं.* एक हात धुण्याचं आणि एक दुपारच्या झोपेचं. घरातला जुना टॅब स्वयंपाकघरातल्या फळीवर बरण्यांशेजारी टेकवून ठेवला. वेळा लावताना मात्र तिनं एक गोष्ट केली, जी तिनं चष्म्यालाही सांगितली नसती. ताई कपाला हात घालायची त्याच्या जरा आधीची वेळ तिनं नेमली. झोपेचीही ताई अंथरूण घालायच्या जरा आधीची. लेकीच्या कानात आधी आईचा शब्द पडावा आणि ताईनं मागून यावं, एवढंच तिला हवं होतं.

जमलं. संध्याकाळी ताईच कौतुकानं सांगू लागली, "अग, फळीवरून तुझा आवाज आला आणि पोरगी धावत सुटली. एका दमात दूध! बरं झालं, माझा घसा वाचला."

ताईला जरासुद्धा लागलं नव्हतं. धाकटीला आतून थोडी निराशाच झाली.

आठवडाभरानं ताई भाजी निवडता निवडता म्हणाली, "आज बरंच बोललीस हं."

"किती?"

"मी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आले तरी चालूच होतं. पोरगी फळीखाली मांडी घालून ऐकत होती."

धाकटी हसली. सूचनेत अर्ध्या मिनिटापेक्षा मोठा आवाज बसतच नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ताईचं ते नेहमीचंच, एक फोन आला तरी दहा आले म्हणायची.

पण दुसऱ्या दिवशी घरी येताना तिनं निळा फुगा आणला. जिन्यात तो पाठीमागे लपवला आणि दार उघडल्यावर डोळे मोठे करून म्हणाली, "ओळख पाहू!"

"निळा फुगा," खारू चित्रावरून नजर न काढता म्हणाली. "आईनं मघाशीच सांगितलं."

"मी कधी सांगितलं?"

"तू नाही. आईनं."

धाकटी खाली बसली. "अग वेडे, मीच आई."

खारूनं तिच्याकडे पाहिलं. पाहुण्यांचा मान राखावा तशी मान हलवली आणि म्हणाली, "हो."

फुगा छताला जाऊन टेकला. त्याची दोरी दोघींच्या मध्ये लोंबत राहिली.

त्यानंतर धाकटीच्या हाती काही उरलंच नाही. गोष्ट सांगायला बसावं, तर खारू शेवट सांगून टाकी. नखं कापायला घ्यावीत, तर ती कापलेली असत. ताई म्हणे, "मी नाही ग कापली, मला वाटलं तू सकाळी." धाकटी जे करायला जाई ते जरा आधीच झालेलं असे, आणि तेही बरं झालेलं, निवांतपणे, घाई नसलेल्या हातांनी. ताईवरचा राग कधी विरला हे तिला कळलंही नाही. आता ती बसमध्ये डोळे मिटून आपल्याच आवाजाचा विचार करायची. तो दिवसभर घरी असायचा. तो दमत नव्हता, त्याला बस पकडायची नव्हती. तो पोरीला काय काय सांगत असेल?

ते एका संध्याकाळी कळलं. खारू तिचे केस कुरवाळत अगदी सहज म्हणाली, "तू पहिल्यांदा ऑफिसला गेलीस ना, तेव्हा तिथल्या बाथरूममध्ये नळ सोडून रडलीस. आईनं सांगितलं. बिचारी, म्हणाली."

हे धाकटीनं नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं टॅब पिशवीत घालून ऑफिसात नेला.

"काय झालंय याला?" चष्म्यानं विचारलं.

"वेळेआधी वाजतो. आणि जास्त वाजतो."

त्यानं टॅब उलटापालटा करून पाहिला, आत शिरला, लावलेल्या सूचना काढून दाखवल्या. तीनच होत्या. तिन्ही तिनं लावलेल्या वेळेच्या. "गोड आहे हो आवाज," तो एक वाजवून म्हणाला, आणि तिचा चेहरा पाहून पुढची थट्टा त्यानं गिळली. धाकटीनं तिन्ही सूचना पुसल्या, मग ॲपच काढून टाकलं. तेवढ्यानंही समाधान होईना, म्हणून टॅब बंद केला. काळी काच टेबलावर पडून राहिली. तिच्यात वरचा पंखा फिरताना दिसत होता.

"झालं?" चष्मा म्हणाला.

"झालं," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं. दुधाची वेळ होत आली होती. आज ते ताईनं द्यावं, खुशाल द्यावं, असं मनापासून वाटलं आणि तिनं घरी फोन लावला.

ताईनं बऱ्याच वेळानं उचलला. "काय ग?"

"काही नाही. खारूनं दूध घेतलं?"

"घेतेय की. अग, पण एका वेळी दोन दोन ठिकाणी काय बोलतेस? आधी पोरीचं तरी होऊ दे."

धाकटीनं फोन कानाशी दाबला. ताईच्या श्वासामागे, स्वयंपाकघराच्या अंतरावरून, भांड्यांच्या बारीक किणकिणाटातून आवाज येत होता.

*गालात नाही धरायचं, पाखरा. गिळ. शाब्बास. आपल्याला कुठं घाई आहे?*

टॅब समोर होता. काचेत पंखा फिरत होता.

"ताई," ती म्हणाली, "खारूला घेऊन खाली जा. आत्ताच्या आत्ता."

"ऊन किती आहे! आणि ती उठतेय कशाला, मांडीवर बसलीय मजेत."

"कुणाच्या?"

"ऐकू येत नाही नीट, ठेवते हं," ताई म्हणाली आणि फोन बंद झाला.

टॅब तसाच टेबलावर टाकून धाकटी निघाली. बसची वाट पाहिली नाही, रिक्षा केली. बसल्या बसल्या तिला जाणवलं, की आपण भ्यालेलो नाही. भीती असायला हवी होती. पण कुणीतरी आपल्या पोरीला मांडीवर घेऊन बसलंय आणि पोरगी मजेत आहे, एवढंच तिला सलत होतं.

दार लोटलेलं होतं. ताई गच्चीवरून सुकलेले कपडे घेऊन मागोमाग जिना उतरली.

"लवकर कशी?"

"तू वर होतीस? पोरीला एकटं सोडून?"

"एकटी कुठं, तू होतीस की," ताई म्हणाली आणि मध्येच थांबली. धाकटीकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. हातातला टॉवेल तिनं छातीशी धरला. "मग मघापासून आत..."

धाकटी आत गेली.

दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं. फळी रिकामी होती. बरण्यांशेजारी टॅबच्या जागेवर धूळ नसलेला चौकोन होता.

खारू खिडकीशी, पाठ करून बसली होती. शेजारी रिकामा कप. तिची वेणी ताजी, घट्ट, मधोमध पाडलेल्या भांगाची होती. ताईला भांग सरळ पाडता येत नसे. तो धाकटीचा हात होता. फक्त तिला कधी इतका वेळ मिळाला नव्हता.

तिनं गुडघे टेकले आणि लेकीला मागून मिठीत घेतलं. केसांना धाकटीच्याच साबणाचा वास होता. आणि पोरीची पाठ ऊबदार होती, दुसऱ्या कुणाला तरी टेकून बसल्यासारखी.

"खारू, ऐक," ती म्हणाली. आवाज चिरकत होता, मऊ होत नव्हता. "आता मी नाही जाणार. नोकरी सोडते मी. रोज घरी राहणार, तुझ्यापाशी. सकाळी उठलीस की मीच. रोज."

खारू वळली. आईच्या खांद्यावरून तिनं फळीकडे पाहिलं. मान किंचित कलती केली आणि दम धरून ऐकलं, मोठी माणसं बोलत असताना मुलं ऐकतात तसं. मग तिचा खालचा ओठ बाहेर आला, डोळे भरले.

दारातून ताई एकदम म्हणाली, "अग, आता कोण बोललं?"

खारूनं दोन्ही हातांनी धाकटीचा चेहरा धरला. हात दुधानं चिकट होते.

"तू घरी राहिलीस," तिनं विचारलं, "तर मग आईनं कुठं जायचं?"