मागून येणारा रामराम

अमरावतीच्या राजकमल चौकातल्या त्या कचेरीच्या जिन्यात पावलं वाजली, तेव्हा भगवंतराव संत्रं सोलत बसले होते. येणारा दोनदा पायरीवर थांबला, हे त्यांनी ऐकलं. तीस वर्षांच्या हवालदारकीत त्यांना एवढं कळू लागलं होतं, की जिन्यात थांबणारा माणूस कोणाचं तरी नाव घ्यायला आलेला असतो. त्यापुढचं कळायला गीतांजली इंगोले लागायची. कचेरी तिचीच. ती खासगी तपासाची कामं घ्यायची आणि निवृत्तीनंतर भगवंतराव तिच्यासोबत हिंडायचे. तिला आधी कळायचं, यांना मागाहून, आणि त्याचं त्यांना काही वाईट वाटत नसे.

आलेल्या तरुणाच्या डोक्यावर बारीक केस नुकते उगवले होते. अंकुर गावंडे, त्यानं नाव सांगितलं. वडिलांना जाऊन महिना झाला होता.

"गेले नाहीत मॅडम," तो म्हणाला. "कोणीतरी जाऊ दिलं त्यांना."

वडील महादेवराव, अकोल्याचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. वरच्या मजल्यावर एकटे राहायचे, खाली अब्दुल सत्तार यांचं शिवणकामाचं दुकान. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि गुरुजींचा आवाज कायमचा गेला. अंकुर अमरावतीत घरूनच प्रोग्रामिंगचं काम करायचा. त्यानं वडिलांसाठी स्वतः एक सोय केली. त्यांच्या उशाशी मोठ्या अक्षरांचा टॅबलेट. त्यावर लिहून पाठवलं की इकडे अंकुरच्या टेबलावरच्या छोट्या संगणकावर घंटी वाजायची. पत्र बंद पाकिटातच असावं हा गुरुजींचा हट्ट, म्हणून सगळा मजकूर कुलूपबंद, एन्क्रिप्ट होऊन यायचा.

"व्हॉट्सअ‍ॅप नाई जमलं?" भगवंतरावांनी विचारलं.

"बारकी अक्षरं दिसत नव्हती त्यांना. आणि काका, मला माझ्या हातानं काहीतरी करायचं होतं. प्रोग्रामनं एका खेपेला हजार अक्षरं उचलायची, जास्त असली तर दुसरी खेप. हॅलो, टेस्ट, असं दोनशे वेळा तपासून मगच त्यांना दिलं."

गेले त्या दिवशी गुरुजींनी सकाळी अकरा दहाला पत्र पाठवलं. टॅबलेटवर तशी नोंद होती. अंकुरची घंटी वाजली बारा चाळीसला, आणि त्याच सेकंदाला त्याच टॅबलेटवरून दुसरा निरोप आला, गुरुजींकडे काम करणाऱ्या शकुनबाईचा: गुरुजी पडले लवकर या. अंकुरनं सत्तारभाईंना फोन केला, त्यांनी गुरुजींना उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर वाचले असते.

अंकुरचा संशय शकुनबाईवर होता. ती दळणाला म्हणून बाहेर पडली, जाताना इंटरनेट बंद केलं असणार आणि परत आल्यावर चालू केलं असणार. गल्लीभर त्यानं हे सांगितलं होतं. तिची दुसऱ्या घरची कामंही त्यामुळे सुटली होती. उद्या तो पोलिसांत जाणार होता. त्याला फक्त पुरावा हवा होता.

त्यानं छापलेलं पत्र पुढे ठेवलं. भगवंतरावांनी चष्मा लावला.

'चि. अंकुर यास अनेक उत्तम आशीर्वाद. येथील सर्व क्षेमकुशल, तुमचे क्षेमकुशल लिहीत जावे.' मग दामिनी सूनबाईला आशीर्वाद, वरूडच्या आत्याची विचारपूस, सत्तारभाईंच्या नातीच्या परीक्षेची चौकशी. आणि शेवटी: 'विशेष, आज छातीत कळ येत असून उठवत नाही. शकुन दळणास गेली आहे. घाबरू नये, पण सत्तारभाईंस फोन करावा. रामराम मागून धाडतो.'

छातीत कळ येत असलेला माणूस आधी सर्व क्षेमकुशल लिहितो, हे वाचून भगवंतरावांनी हातातली संत्र्याची फोड परत सालावर ठेवली.

गीतांजलीनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय?"

"सवय होती. पत्र पाठवलं की मिनिटाभरानं नुसतं 'रामराम' वेगळं पाठवायचे. मी थट्टा करायचो, पत्रातच लिहा ना बाबा. ऐकायचे नाहीत."

"दूध संपलं, औषध आणा, असं काही लिहिलं तर?"

"त्याच्यामागे रामराम नसायचा. तो निरोप पाठवल्याबरोबर यायचा."

तिनं दोन याद्या मागून घेतल्या, अकोल्याहून काय केव्हा निघालं आणि अमरावतीत काय केव्हा पोचलं. बडनेऱ्याला गाडीत बसल्यापासून अकोल्यापर्यंत ती त्या याद्यांवर पेन्सिलीनं खुणा करत होती. भगवंतरावांनी डोकावून पाहिलं. बारके निरोप निघाले त्याच सेकंदाला पोचले होते. पत्र मात्र जवळजवळ दर वेळी त्याच्या रामरामासोबतच, एकाच सेकंदाला पोचलेलं. घरचीच मंडळी, सोबतच येत असतील, असं म्हणून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

सत्तारभाईंच्या दुकानात चार मशिनी चालू होत्या. वरच्या मजल्यालाही पुरणारा इंटरनेटचा डबा तिथेच भिंतीवर होता. तो बंद होता का, असं विचारताच त्यांनी कानाला हात लावले. "बंद कसा राहीन बाई? त्याच लाइनवर माही नात तुबा अकरा ते बारा क्लास करून राहिली होती. तिच्या मॅडमनं हजेरी लावेल आहे, पाहून घ्या." मग त्यांनी वर छताकडे पाहिलं. "माह्या डोक्यावर दोस्त मरून राहिला होता, अन् मी मशीन चालवून राहिलो होतो. सांगा, कोनाले सांगू हे?"

शकुनबाई आपल्या दारात बसली होती. चक्कीवर गर्दी होती, यायला उशीर झाला, हे तिनं लपवलं नाही. आली तेव्हा गुरुजी पलंगाखाली पडलेले होते.

"टॅबलेटवर काही होतं?" गीतांजलीनं विचारलं.

"नुसतं 'रा' लिहेल होतं. मी ते पुसलं अन् माहा निरोप लिवला."

गीतांजलीनं यादीच्या कोपऱ्यात 'रा' लिहून घेतला. मग तिनं विचारलं, गुरुजी पहिल्यापासून रामराम पाठवायचे का.

"नाई. पयल्या महिन्यात नाई. एकडाव पत्राचं उत्तर दिवसभर नाई आलं. दुसऱ्या दिवशी त्याईनं 'दूध संपलं' लिवलं, तं दोन्हीचं उत्तर संगच आलं. तवापासून करत." ती थांबली. "पुढचं मी नाई सांगत. गुरुजीले शब्द देल्ला आहे."

अमरावतीला परतून ते अंकुरच्या घरी गेले; त्याच्या बायकोला, दामिनीला, विचारणं राहिलं होतं. त्या सकाळी अंकुर वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता, ती एकटीच संगणकाजवळ होती. साडेअकराला तिनं टेबल पुसलं. जोडणी चालू असल्याचा हिरवा दिवा लागलेला होता, घंटी वाजली नव्हती. "मीच घंटीचा आवाज बंद केला, असं माझ्यावरही आलं होतं दोन दिवस," ती खाली मान घालून म्हणाली. अंकुर शेजारीच उभा होता. 

गीतांजलीनं अकोल्याहून आणलेला टॅबलेट भगवंतरावांच्या हाती दिला. "गुरुजींसारखं पत्र लिहा. क्षेमकुशलापासून."

भगवंतरावांनी एका बोटानं पंधरा मिनिटं खपून पत्र लिहिलं. चि. अंकुर यास अनेक आशीर्वाद, पुढे घरादाराची चौकशी, शेवटी घाबरू नये. पाठवलं. हिरवा दिवा लागलेला होता. घंटी वाजली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, दामिनी गॅस बंद करून परत आली.

"आता रामराम पाठवा."

त्यांनी पाठवला. दोन घंट्या लागोपाठ वाजल्या आणि पत्र व रामराम एकदम पडद्यावर आले.

"लाइन चालू होती, तुबाची हजेरी सांगते," गीतांजली हळू आवाजात म्हणाली. "संगणक चालू होता, दामिनीनं दिवा पाहिला. म्हणजे अकरा दहाला निघालेलं पत्र अकरा दहालाच या घरात आलं. ते आत अडकलं, आणि मागून दुसरं काही आल्यावरच बाहेर पडलं. हे त्या एका दिवसाचं नाही अंकुर. दोन वर्षांच्या यादीत प्रत्येक लांब पत्राचं हेच झालंय. गुरुजींना ते पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तो रामराम सवयीचा नव्हता. अडकलेलं पत्र ढकलायला ते तो पाठवायचे. त्या दिवशीही पाठवत होते. त्यांचा 'रा' लिहून झाला होता."

अंकुर खुर्चीवर बसला. त्याचा चेहरा पाहून भगवंतरावांना पहिल्यांदाच वाटलं, की आपल्याला कळलं नसतं तर बरं होतं.

"माझा प्रोग्राम सारखा पत्र शोधत बसत नाही," अंकुर पडद्याकडे पाहत म्हणाला. "मजकूर जिथून आत येतो त्या दारावर, सॉकेटवर, नवीन काही आलं तरच उठतो. पण मजकूर कुलूपबंद येतो. कुलूप उघडणारा भाग अख्खं पत्र एकदम आत घेऊन उघडून ठेवतो. मी त्यातली एक खेप उचलली आणि उरलेल्यासाठी परत दाराकडे पाहत बसलो. दारात काहीच नव्हतं. उरलेलं पत्र आतच, उघडून ठेवलेलं होतं. पत्र पुरं झाल्याशिवाय घंटी वाजत नाही."

"पण पत्र काई हजार अक्षराचं नव्हतं," भगवंतराव म्हणाले.

"हजार इंग्रजी अक्षरं, काका. मराठीचं एकेक अक्षर तीन जागा खातं. मी सगळं हॅलो-टेस्टवर तपासलं." त्यानं वडिलांचं छापलेलं पत्र जवळ ओढलं. "नुसतं 'छातीत कळ' लिहिलं असतं, तर त्याच क्षणी आलं असतं."

"क्षेमकुशल लिवल्याबिगर गुरुजी पत्र कसं धाडतीन रे," भगवंतराव म्हणाले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. 

"मला सांगितलं का नाही त्यांनी?"

 गीतांजलीनं शकुनबाईला फोन लावला आणि अंकुरच्या हातात दिला. पलीकडून हॅलो ऐकू आल्यावर त्यानं आधी आपलं नाव सांगितलं. मग त्यानं सगळं सांगितलं. चूक माझी होती शकुनबाई, गल्लीत येऊन सगळ्यांपुढे सांगतो, असं म्हणाला. तिनं रागावून फोन ठेवावा, असं त्याला वाटत असावं. तिनं ठेवला नाही.

"आता शब्द ठेवून काय करू," ती म्हणाली. "गुरुजीनं मले लिवून दाखवलं होतं भाऊ. पोरानं माह्यासाठी हातानं केलं आहे. चूक दाखवली तं त्याले लागन. एका रामरामानं काम होते, तं होऊ दे."

दामिनी भिंतीला टेकून रडत होती. अंकुरनं डोळे पुसले आणि कीबोर्ड पुढे ओढला. दुरुस्ती तीन ओळींची होती. दाराकडे परत जाण्याआधी आत काही उरलं आहे का, एवढं पाहायचं होतं. त्याला चार मिनिटं लागली.

"काका, ते पत्र पुन्हा पाठवा," तो म्हणाला. "एकटंच."

भगवंतरावांनी पाठवलं. घंटी लगेच वाजली. पत्र पुरं आलं, क्षेमकुशलापासून 'घाबरू नये'पर्यंत.

त्यांनी टॅबलेट खाली ठेवला. अंकुर मात्र पडद्यासमोरून हलला नाही. दुसऱ्या घंटीची वाट पाहत तो तसाच बसून राहिला.