चिंबोऱ्याला न दिसलेली आई

"आबा, दगडाच्या पोटात शार्कचा दात शिरला कसा?" उर्वी चक्रावली.

तिच्या आजोबांनी तो बटाट्याएवढा काळा गोळा नुकताच करवतीने कापला होता. आबा हर्णैच्या कोळीवाड्यातले, पुढे समुद्रशास्त्रज्ञ झाले. सुट्टीत नातही त्यांच्या जहाजावर आली होती.

"शिरला नाही बाय, दगडच त्याच्याभोवती वाढला! हा बहुधातुगोळा (अनेक धातूंचे थर बसून झालेला दगड). दात तळाशी पडला आणि पाण्यात विरघळलेलं मँगनीज, निकेल, कोबाल्ट त्याच्यावर बसत गेलं. तुझ्या नखाच्या जाडीएवढा थर चढायला लाखभर वर्षं लागतात."

"बाप रे! आणि आपण तो चुटकीसरशी उचलतो?"

"बॅटऱ्यांना हे धातू लागतात ना."

जहाजाखाली पाच किलोमीटरवर 'चिंबोरा' (खेकडा) नावाचा रोबो गोळे वेचत होता. संध्याकाळपर्यंत त्याची थैली भरली नाही, तर आबांची चाचणी फसली असंच ठरणार होतं. आता ती भरायला शेवटचा एक मोठा गोळा तेवढा हवा होता.

"उचलतो," स्पीकरमधून चिंबोरा म्हणाला.

"थांब!" त्याच्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत उर्वी ओरडली. गोळ्यावर स्पंजाचा (एका जागी रुजून राहणाऱ्या प्राण्याचा) देठ उभा होता. त्याला बिलगून एक पांढुरकी ऑक्टोपस-मादी बसली होती, आणि तिच्या कुशीत अंडी होती.

"दिव्याचा झोत टाकला, ती हलली नाही. हलत नाही तो दगड, असं मला शिकवलंय," चिंबोरा म्हणाला.

"ते मीच शिकवलं," आबा ओशाळले. "अंडी सोडून ती पळेल कशी? आणि खाली सगळा मऊ गाळ. स्पंजाला रुजायला घट्ट जागा म्हणजे हे गोळेच, आणि हिची अंडी त्याच्याच देठावर."

त्यांची नजर पडद्यावरच्या, एका गोळ्यासाठी अपुऱ्या राहिलेल्या थैलीवर खिळली.

"आबा, पोटाशी अंडी असलेली चिंबोरी (खेकडी) जाळ्यात आली, तर तुम्ही काय करायचात?"

"सोडून द्यायचो. माझा बाप तर तिला आधी हात जोडायचा." आबांनी माइक जवळ ओढला. मग म्हणाले, "चिंबोऱ्या, मागे सर. फसू दे चाचणी."

"मग बॅटऱ्या?" उर्वीने हळूच विचारलं.

"जुन्या बॅटऱ्यांमधले धातू पुन्हा काढता येतात. ते आधी काढू. इथलं घ्यायचंच झालं, तर कुणाचं घर नाही ते बघून. या चिंबोऱ्याला नव्याने शिकवायला हवं. तू मदत करशील?"

उर्वीने जोरजोरात मान हलवली. तेवढ्यात खालून आवाज आला. हे मात्र चिंबोऱ्याला कुणीच शिकवलं नव्हतं.

"आबा, दिवा विझवू का? तिच्या डोळ्यांवर येतोय."